एसी लोकल कुणाच्या वेळेत धावते?

एसी लोकलविरुद्ध एक शब्द काढला की समोरून तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, "तुम्हाला प्रगतीच नको." दुसरे, "दारात लटकून माणसं मरतात, ते चालतं का तुम्हाला?" आणि तिसरे, जरा खालच्या आवाजात पण हमखास, "ज्यांना परवडत नाही त्यांनी साधी पकडावी, कोणी अडवलंय?"

या लेखात मी साध्या लोकलची बाजू घेणार आहे. उघड्या दारांची, गजांच्या खिडक्यांची, डोक्यावर पंखे फिरवणारी जुनी गाडी. ही बाजू घेताना मला तिच्यावर कविता करायची नाही. "लोकलचं स्पिरिट", "धावती मुंबई" असले शब्द ज्यांना रोज बदलापूर-टिटवाळ्याहून सकाळी लटकत यावे लागत नाही त्यांनी शोधलेले आहेत. ती गाडी गुदमरवते, घाम काढते, कधीकधी जीव घेते. तरीही आज मला ती एसी लोकलपेक्षा जवळची वाटते, आणि त्याची कारणे भावनिक नाहीत. ती तिकीट, वेळापत्रक आणि दरवाजा यांत आहेत.

तिसरे उत्तर आधी घेऊ, कारण सगळा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

कोणी अडवलंय?

वेळापत्रकाने अडवलंय.

मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रोज तीन हजारांहून अधिक फेऱ्या होतात. गर्दीच्या वेळी एका रुळावर दर तीन-चार मिनिटांनी गाडी असते. त्या दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी घालायला जागा नाही. म्हणून "आम्ही एसीच्या फेऱ्या वाढवल्या" असे रेल्वे सांगते तेव्हा त्याचा दुसरा अर्धा भाग आपण स्वतः वाचायचा असतो: तेवढ्या साध्या फेऱ्या कमी केल्या. 8 वाजून 12 मिनिटांची साधी गाडी एसी झाली की तिच्यातून जाणारी माणसे हवेत विरघळत नाहीत. ती 8 वाजून 16 मिनिटांच्या गाडीत घुसतात, आणि ती गाडी आधीच भरलेली असते.

साधी पकडा म्हणणाऱ्याला वाटते की दोन गाड्या शेजारी उभ्या आहेत आणि आपण निवड करायची आहे. प्रत्यक्षात फलाट एक, रूळ एक, वेळ एक. एसी लोकल दुसऱ्याच्या वेळेत धावते.

ऑगस्ट 2022 मध्ये हेच झाले. मध्य रेल्वेने 19 ऑगस्टपासून साध्या फेऱ्यांच्या जागी 10 एसी फेऱ्या सुरू केल्या. कळव्याच्या प्रवाशांनी कारशेडमधून निघणारी एसी लोकल अडवली. बदलापूरच्या प्रवाशांनी संध्याकाळची गाडी एसी झाली म्हणून स्टेशनात ठिय्या दिला. 25 ऑगस्टपासून रेल्वेला त्या दहाही फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. तेव्हा काहींनी या लोकांना "विकासविरोधी" ठरवले. कळव्याचा माणूस कारशेडजवळ का जातो, हे त्यांनी कधी विचारले? कल्याण-डोंबिवलीहून येणारी गाडी कळव्याला पोचते तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हणून कारशेडमधून निघणारी रिकामी गाडी हाच त्याचा आधार. तीच गाडी काढून तिच्या जागी त्याला न परवडणारी गाडी ठेवली, तर तो रुळावर उतरणार नाही तर काय करणार?

त्याच वर्षी 18 फेब्रुवारीला ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाली. सुमारे 620 कोटी रुपये खर्च करून, अनेक वर्षे वाट पाहायला लावून ही जागा मोकळी झाली होती. तिच्यामुळे 36 नव्या फेऱ्या शक्य झाल्या. त्यातल्या 34 एसी. म्हणजे जुनी जागा घेतलीच, पण सार्वजनिक पैशातून जी नवी जागा निर्माण झाली तिच्यातही साध्या प्रवाशाच्या वाट्याला दोन.

पाच रुपये आणि तीस रुपये

पहिली एसी लोकल बोरिवलीहून चर्चगेटकडे निघाली ती 25 डिसेंबर 2017 रोजी. आपल्याला ही तारीख वेगळ्या कारणाने पाठ आहे. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. बरोबर 90 वर्षांनी, त्याच दिवशी, मुंबईच्या लोकलला एक नवी पायरी जोडली गेली. हा योगायोगच आहे, पण विचार करायला लावणारा आहे.

सुरुवातीचे दर असे होते की गाड्या रिकाम्या धावायच्या. मग 5 मे 2022 पासून तिकीट निम्म्यावर आणले: 5 किलोमीटरला 65 चे 30 रुपये, 25 किलोमीटरला 135 चे 65, 50 किलोमीटरला 205 चे 100. "आता तर निम्मं केलं" असे अभिमानाने सांगितले जाते. निम्मे कशाचे? साध्या लोकलचे सर्वांत लहान तिकीट 5 रुपयांचे आहे. निम्मे करूनही सहापट.

मी ज्या वस्त्यांमध्ये काम करते तिथल्या घरकामगार बाईचा हिशेब मांडू. पाच किलोमीटर जाणे, पाच किलोमीटर येणे, महिन्याचे 26 दिवस. रोज तिकीट काढले तर साध्या गाडीने 260 रुपये, एसीने 1,560. फरक 1,300 रुपयांचा. हे एका घरच्या धुण्याभांड्यांचे महिन्याचे पैसे झाले. म्हणजे थंड हवेत कामावर जायचे तर तिने एक जादा घर धरायचे. पासाची गतही वेगळी नाही. आणि पाच किलोमीटरवर राहणारी बाई तशी नशीबवान. गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, पुनर्विकास झाला, आणि कष्टकरी माणूस अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा, नालासोपारा, विरार असा दूरदूर सरकत गेला. शहराने त्याला घर दिले नाही, पण कामाला बोलावणे थांबवले नाही. या व्यवहारात त्याच्या पदरात एकच गोष्ट होती: स्वस्त लोकल. तिला सबसिडी म्हणून हिणवले जाते. माझ्या मते ती या शहराने चुकती केलेली अर्धवट थकबाकी आहे.

साध्या डब्यात काय आहे?

सर्वांत आधी, रुंद उघडे दार. स्टेशनात गाडी काही सेकंद थांबते, तेवढ्यात पन्नास माणसे उतरतात आणि साठ चढतात, ती या दारामुळे. उघडणाऱ्या खिडक्या आहेत. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली तरी हवा येते, आणि पावसाळ्यात गाड्या अडकतातच. मालडबा आहे. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन निघालेली बाई, भाजीची पाटी, फुलांची गोणी, डबेवाल्यांचे लाकडी फळे, सगळे या मालडब्यातून जाते. आज धावणाऱ्या एसी लोकलमध्ये मालडबा नाही. साधी गाडी एसी झाली की प्रवाशाची एक गाडी जाते, आणि कोळणीची व भाजीवालीची तर पाटी ठेवायची जागाच जाते.

आणि चौथी सीट आहे. तिघांच्या बाकावर चौथा टेकतो. नियमात ही सीट नाही, तिकिटावर नाही. "जरा सरका" म्हटले की तिघे कुरकुरत का होईना सरकतात. ज्या समाजात शेजारी बसण्यावरून माणसे मारली गेली, तिथे आडनाव न विचारता अनोळखी माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसण्याची सवय या बाकाने लावली आहे.

इथे मला गोडगोड बोलायचे नाही. याच डब्यात जागा अडवणारे ग्रुप आहेत. याच डब्यात भजने चालतात आणि ज्याला ती नकोत त्याच्याकडे वाकडे पाहिले जाते. गप्पा जमल्या की "पूर्ण नाव काय?" हा प्रश्न याच डब्यात येतो आणि तो कशासाठी विचारला जातो हे आपल्याला माहीत आहे. गर्दीने जात संपत नाही. पण गर्दीत जात पाळता येत नाही, हेही खरे. विटाळ पाळायला अंतर लागते आणि सकाळच्या लोकलमध्ये अंतर शिल्लक नसते.

आपल्या इतिहासात रेल्वेचे स्थान म्हणूनच महत्त्वाचे आहे. 1901 साली लहानगे भीमराव आणि घरातली इतर मुले वडिलांना भेटायला निघाली, तेव्हा आगगाडीत ती तिकिटावर बसू शकली. खरा प्रश्न मसूर स्टेशनात उतरल्यावर सुरू झाला. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला आणि एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकायची या अटीवर गाडी मिळाली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. तिकीट घेतले की बसता येते, हा साधा नियम आपल्यासाठी कधीच साधा नव्हता. म्हणून ते तिकीट कुणाच्या आवाक्यात आहे, हा प्रश्नही आपण हलक्यात घेऊ शकत नाही.

"दार बंद असतं तर वाचले असते"

आता दुसरे उत्तर. ते सर्वांत गंभीर आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल.

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल एकमेकींना ओलांडत असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले. चार जणांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. कोरोनाची वर्षे सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. जून 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वेला सुनावले होते की प्रवाशांना गुरांसारखे नेले जाते, याची लाज वाटते. या मरणांचे समर्थन कोणी करूच शकत नाही.

पण तीन गोष्टी नीट वेगळ्या करू.

पहिली. या मृत्यूंमधला सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो. त्याला गाडीचे दार जबाबदार नाही. त्याला पादचारी पूल, संरक्षक भिंती आणि रुळांनी दोन तुकडे केलेल्या वस्त्या जबाबदार आहेत. एसी लोकलने त्यातला एकही माणूस वाचत नाही.

दुसरी. माणूस दारात हौसेने लटकत नाही. काही तरुण लटकत असतील, पण दिव्याची आणि मुंब्र्याची माणसे आत जागा नसते म्हणून लटकतात. साधी फेरी कमी करून एसी वाढवली की उरलेल्या साध्या गाडीच्या दारात आणखी माणसे लटकणार. म्हणजे दार बंद करण्याच्या नावाखाली आपण उघड्या दारातली गर्दी वाढवतो आहोत. सुरक्षितता 30 रुपयेवाल्याला आणि धोका 5 रुपयेवाल्याला, अशी ही वाटणी आहे.

तिसरी, आणि ही रेल्वेने स्वतःच मान्य केली. मुंब्र्यानंतर रेल्वेने जाहीर केले की आपोआप बंद होणारी दारे असलेली साधी, बिगर-एसी लोकलही बनवता येईल: दारांना हवा खेळणाऱ्या झडपा, छतावर हवा आत ढकलणारी यंत्रे, डब्यातून डब्यात जायला वाट. म्हणजे दार बंद करायला एसी लागत नाही. मग 2017 पासून "सुरक्षितता हवी तर एसी घ्या" असे आपल्याला का ऐकवले गेले? आधी गर्दीने मेलेल्यांच्या नावावर महाग गाडी आणायची, आणि मुंब्रा घडल्यावर म्हणायचे की स्वस्त गाडीलाही दार बसवता येते. या मधल्या साडेसात वर्षांचा जाब कोण देणार?

बाबासाहेब सूट घालत, मग तुम्ही एसीला विरोध का करता?

हा प्रश्न मला आपल्याच लोकांनी विचारला आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर द्यायला हवे.

आम्ही गरिबीचा गौरव करणाऱ्यांपैकी नाही. तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाचे माहात्म्य सांगणारी परंपरा गांधीजींची, आपली नव्हे. 1945 सालच्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीजींच्या यंत्रविरोधावर सडकून टीका केली आहे. माणसाला पशूच्या जिण्यातून बाहेर काढायचे तर त्याला फुरसत हवी, आणि ती यंत्रामुळेच मिळते, असे त्यांचे म्हणणे. दोष यंत्राचा नसून ते कुणाच्या फायद्यासाठी चालते त्या समाजरचनेचा आहे, हेही तिथेच आहे. एसी लोकलला हीच कसोटी लावायची. थंड हवा चांगली आहे. मे महिन्यात घामाने भिजून कामावर पोचणाऱ्या सफाई कामगाराला ती सर्वांत आधी हवी. पण ती त्याला मिळत नाही, त्याच्या वाटणीची गाडी काढून दुसऱ्याला मिळते.

लोक नव्या गाडीच्या विरोधात असतात, हा आरोपच खोटा आहे. 2007 पासून जुन्या पिवळ्या-तपकिरी गाड्यांच्या जागी जांभळ्या-पांढऱ्या गाड्या आल्या. छतावरून हवा येऊ लागली. 2015 पासून आणखी नवी पिढी आली. तेव्हा कोणी कारशेडजवळ गाडी अडवली? नाही, कारण डबा बदलला आणि तिकीट तेच राहिले. माणसे हाकलली गेली नाहीत.

यातली सर्वांत घातक गोष्ट मला भाड्यापेक्षाही वेगळी वाटते. साध्या लोकलमध्ये फर्स्ट क्लास आणि सेकंड क्लास हे भेद आहेतच. पण ते एकाच गाडीत आहेत. गाडी उशिरा आली तर बँकेतला साहेबही उशिरा पोचतो आणि त्याच्या बँकेची लादी पुसणारी बाईही. सिग्नल बिघडला की दोघे मिळून वैतागतात, आणि ज्याचा आवाज मंत्रालयापर्यंत पोचतो त्याच्या तक्रारीचा फायदा दोघांना होतो. एसी लोकलमध्ये आत वर्ग नाहीत, सगळे समान, असे कौतुकाने सांगितले जाते. बरोबर आहे. वर्ग डब्यातून उचलून गाडीवर नेला आहे. आता गाडीच वेगळी.

ज्याचा आवाज आहे तो निघून गेला की मागे राहिलेल्या व्यवस्थेचे काय होते, हे आपण महापालिकेच्या शाळांमध्ये पाहिले, सरकारी दवाखान्यांमध्ये पाहिले. इमारत राहते, पाटी राहते, पण विचारणारा कोणी राहत नाही. बाबासाहेबांनी सांगितलेल्या श्रेणीबद्ध विषमतेची हीच तर युक्ती आहे. प्रत्येकाला एक पायरी वर चढवून द्यायची, म्हणजे तो खालच्याशी हात मिळवत नाही. काटकसर करून एसीचा पास काढणारा डोंबिवलीचा कारकून काल दिव्याच्या मजुराबरोबर लटकत होता, आज तो त्याला "फुकटे एसीत घुसतात" म्हणतो. दोघांचा शत्रू एकच, अपुऱ्या गाड्या. पण आता ते एकमेकांकडे बोट दाखवतात.

"एसी लोकल भरून जातात, म्हणजे लोकांना त्या हव्याच आहेत" हा युक्तिवादही असाच. साध्या गाड्या कमी करा, उरलेल्या जीवघेण्या करा, मग ज्याच्या खिशात जरा जास्त आहेत तो नाइलाजाने एसीत बसेल. त्याला मागणी म्हणायचे. ज्याच्या खिशात नाहीत त्याची गरज कुठल्याच आकड्यात येत नाही.

सर्वांसाठी खुले

"तिकीट काढा आणि बसा, एसी लोकल सर्वांसाठी खुली आहे." हे वाक्य ऐकले की मला चवदार तळे आठवते. 1923 मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. कागदावर ते खुले होते. तरीही 20 मार्च 1927 रोजी हजारो लोकांना चालत जाऊन ते पाणी प्यावे लागले, आणि त्यासाठी मार खावा लागला. तिथे जात आडवी होती, इथे भाडे आडवे आहे. दोन्ही एक नाहीत आणि मी ते एक आहेत असे म्हणत नाही. पण महाडने आपल्याला एक गोष्ट कायमची शिकवली. खुले आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. पोचता येते का, हा प्रश्न विचारायचा.

आता मुंबईसाठी 238 एसी गाड्या घेण्याची योजना आहे. भाडे न वाढवता सगळ्या लोकल एसी करू, असे मुख्यमंत्र्यांनी 2025 मध्ये सांगितले. उत्तम. आपण त्यांच्या शब्दाला धरून राहू, आणि क्रम कोणता हवा ते सांगू:

1. आधी एसीचे भाडे साध्या दुसऱ्या वर्गाएवढे करण्याचा लेखी आदेश, मग गाडी बदला.
2. तोपर्यंत एकही साधी फेरी रद्द होता कामा नये. नव्या मार्गिकांवरच्या फेऱ्यांत साध्या गाड्यांना पहिला हक्क.
3. प्रत्येक नव्या गाडीत मालडबा हवाच.
4. बंद दारांच्या बिगर-एसी गाड्या सर्वांत आधी दिवा, मुंब्रा, कळव्याच्या मार्गावर, जिथे माणसे मेली तिथे.

या चार गोष्टी झाल्या तर साध्या लोकलला निरोप द्यायला पहिली फुले मी घेऊन येईन. तोवर कळवा-बदलापूरच्या प्रवाशांनी जे केले ते बरोबर होते असे आपण उघडपणे म्हणायला हवे. आपल्या वस्त्यांमध्ये पाण्याच्या, रेशनच्या, घराच्या प्रश्नावर बैठका होतात. यापुढे त्यांत लोकलचे वेळापत्रकही मांडा. आपल्या स्टेशनावर सकाळी सहा ते दहा किती साध्या गाड्या होत्या आणि आता किती उरल्या, हे स्वतः मोजा, लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन स्टेशन मास्तरपासून खासदारापर्यंत जा.

डबे खुशाल बदला. त्या डब्यातून माणसे उतरवू नका.

जय भीम!